मुठीतली पिटकुळी

डिचोलीच्या बाजारात गोकुळदासइतक्या बायकांचे हात कुणी हातात घेतले नसतील, आणि तरीही त्याच्या वागण्यावर कुणी कधी बोट ठेवलं नाही. बांगड्यांचं दुकान म्हटलं की हे आलंच. नवरीचा चुडा असो, ओटीभरणाच्या हिरव्या बांगड्या असोत की गणपतीच्या चवथीआधीची झुंबड असो, बाई स्टुलावर बसायची, हात पुढे करायची, आणि गोकुळदास तिच्या सासरमाहेरची चौकशी करता करता मनगटभर काच चढवून मोकळा व्हायचा. त्याची बायको विनोदिनी लग्न होऊन आली तेव्हा हे बघून तोंड फिरवायची. पुढे तिलाच त्याची गंमत वाटायला लागली. "गावभरच्या बायलांचे हात धरतास, आनी घरात माझ्या हातातली कळशी तेवढी धरूक तुमका जमणा नाय," असं ती चारचौघांत म्हणायची, आणि सगळ्यांत आधी हसायचा तो गोकुळदासच.

गेल्या शिगम्यात, होळीच्या दिवसांत, तो दुकानातच कोसळला. समोर बसलेल्या बाईच्या हातात निम्म्या बांगड्या चढल्या होत्या, निम्म्या त्याच्या बोटांतून सुटून लादीवर सांडल्या. इस्पितळातले दिवस जीव मुठीत धरून गेले. माणूस वाचला. पाय हळूहळू वळणावर आला, जीभ जड झाली पण बोलती झाली. उजवा हात मात्र परतला नाही.

लकव्याचा हात लुळा पडतो एवढंच लोकांना माहीत असतं. गोकुळदासचाही आधी लुळाच होता. मग तो आतल्या आत आवळत गेला आणि एके दिवशी त्याची घट्ट मूठ झाली. ती उघडावी म्हणून डॉक्टरांनी व्यायाम सांगितले, विनोदिनीने तेलं चोळली, शेजारणीने आणखी कसली तरी पानं शेकायला दिली. मूठ काही दाद देईना. कुणी घरी आलं की गोकुळदास त्या हातावर टॉवेल टाकून बसायचा. आणि ज्या माणसाच्या तोंडाला कधी कुलूप लागलं नव्हतं, तो दिवसभर अंगणातल्या सुपारीकडे बघत गप्प राहायला लागला.

त्यांचा मुलगा गौरेश म्हापशाला नोकरीला होता. मुलगा सरळ, पण जगाचा व्यवहार बघणारा. एकदा जेवताना तो म्हणाला, "बाबा, चवथीपर्यंत वाट बघुया. नाय तर दुकान भाड्यान देऊया. मोबायलाची कव्हरां विकणारो एकजण सारखो विचारता."

"दी," गोकुळदास म्हणाला, आणि डाव्या हाताने भात कालवत राहिला.

विनोदिनीला टोचला तो हाच एक शब्द. त्याने भांडायला हवं होतं. बापाच्या वेळचं दुकान, त्यातल्या एका फळीची जागा बदलली तरी दोन दिवस धुसफुसणारा हा माणूस, आणि आता 'दे' म्हणतो! दुकान गेलं तरी पोटाला काही कमी पडणार नव्हतं. पण दुकान गेलं की हा अंगणातल्या खुर्चीतून पुन्हा उठायचा नाही, हे तिला लख्ख दिसलं.

यंत्राची बातमी आणली तीही गौरेशनेच. साखळीच्या एका उपचार केंद्रात लकव्याच्या हातासाठी नवीन साधन आलं होतं. तिथे सिद्धी नावाची मुलगी ते चालवायची. वाळपईची, बोलायला गोड आणि कामाला कडक. तिने दोघांना समोर बसवून सगळं समजावलं. डोक्यावर घालायची एक टोपी होती, तिला आतून बारीक चकत्या; त्या मेंदूतली हाक टिपायच्या. हाताला वरून बांधायचा एक यांत्रिक पंजा होता, प्रत्येक बोटाच्या पाठीवर त्याची एकेक पट्टी. कोपराखाली आणखी दोन चकत्या चिकटवायच्या, म्हणजे कुठला स्नायू जागा होतो ते कळतं. समोरच्या पडद्यावर हाताचं चित्र. चित्रातली मूठ उघडली की माणसाने मनातून आपली मूठ उघडायची. बोटं हलोत न हलोत, डोक्यातून हाक निघाली की ती टोपीला ऐकू येते आणि पंजा बोटं उघडून देतो.

"पण हाक तुमीच मारूक होयी, काका," सिद्धी म्हणाली. "मशिन आपल्या मनान काय करणा नाय. तुमी मनातसून उघडलात की ता उघडता. असा परत परत झाला की डोक्याक जुनी वाट गावता."

"आनी तेंच्या डोक्यात काय चल्ला ता ह्या टोपयेक कळतला?" विनोदिनीने विचारलं. "तेच्यासाठी मशिन कित्याक? मी आसंय मा!"

सिद्धी हसली. हसताना तिने दोन गोष्टी मात्र स्पष्ट सांगितल्या. एक, घरी न्यायचा संच एकच आहे. ज्याची हाक यंत्राला नीट ओळखता येईल त्याला डॉक्टर महिनाअखेर तो देतील, नाहीतर रांगेतल्या पुढच्याला. रोज घरी सराव झाला तरच हात सुटण्याची आशा. आणि दुसरी, काकींनी मागे भिंतीजवळच्या खुर्चीत बसायचं. हात लावायचा नाही, मधे बोलायचं नाही.

पहिलीपेक्षा दुसरी अट विनोदिनीला जड गेली. आजारपणापासून ती नवऱ्याची सावलीच झाली होती. त्याने डावा हात शर्टाच्या गुंडीकडे नेला की गुंडी लागलेली असायची. तो शब्द शोधायला लागला की तिने तो बोलूनही टाकलेला असायचा. माया होती ती, दुसरं काय. पण मायेलाही कधी कधी खुर्चीत बसवावं लागतं.

इतकी मोठी गोष्ट करायची आणि देवीला विचारायचं नाही, हे तिच्या घराण्यात कधी झालं नव्हतं. ती कोरगावला गेली, आपल्या गावच्या देवळात. पुजाऱ्याने पिटकुळीची इवलीशी तांबडी फुलं ओली करून देवीच्या दोन्ही अंगांना चिकटवली आणि गाऱ्हाणं घातलं. डावं पडलं तर नको, उजवं पडलं तर हो. गाऱ्हाणं पुरतं व्हायच्या आधीच उजव्या खांद्यावरचं फूल सुटून खाली आलं. विनोदिनीने डोळे पुसले, पुजाऱ्याने पानात बांधून दिलेली प्रसादाची फुलं पदरात घेतली आणि घरी येऊन स्टीलच्या डबीत ठेवली.

पहिल्या दिवशी तिने नवऱ्याच्या डोक्याला भरपूर खोबरेल चोपडून नेलं. केस म्हणायला कानांमागे चार, पण मेंदूला थंडावा नको? टोपीच्या चकत्या त्या चकचकीत डोक्यावरून घसरायला लागल्या. सिद्धीने साबणाच्या पाण्याने टक्कल पुसून काढलं आणि काकींना तेलाची बंदी केली. पुसलेल्या टकलावर टोपी अशी काही चपखल बसली, की सिद्धी म्हणाली, "केसवाल्यांपेक्षा बरी बसली!"

"टकलाचो... पयल्यांदाच उपेग झालो," गोकुळदास म्हणाला.

किती दिवसांनी त्याने थट्टा केली होती! विनोदिनीने ती घरी येऊन गौरेशला सांगितली, शेजारी सांगितली, फोनवर बहिणीला सांगितली.

दुसऱ्या वेळेपासून तिने आपलीही एक युक्ती सुरू केली. सिद्धी आधी पंजा बांधून बोटं जरा सैल करून घ्यायची आणि मग संगणकाकडे वळायची. तेवढ्यात विनोदिनी खुर्चीतून उठून यायची, डबीतलं एक फूल त्याच्या मुठीत सरकवायची आणि कानाशी पुटपुटायची, "देवीचां फूल आसा. पडाक देव नकात हां!" तो मान हलवायचा. ती परत भिंतीजवळ जाऊन हात जोडून बसायची.

आता कुणीही म्हणेल, अगो बाई, जी मूठ उघडावी म्हणून एवढा आटापिटा, तिच्यात पडता कामा नये अशी वस्तू ठेवतेस? म्हणणारे म्हणोत. देवावर भार टाकताना माणूस इतका हिशोब करत नाही. तिच्या मनात एवढंच होतं की यंत्र माणसाने केलेलं, ते एकटं कसं पुरं पडेल? आतून देवी, बाहेरून यंत्र, दोघांनी मिळून काम करावं. वेळ संपली की ती बोटं उचकटून फूल परत डबीत घालायची. इतकं होऊन ते पडलं नाही, याचाही तिला शुभशकुनच वाटायचा.

यंत्राला मात्र शकुन कळेना. पडद्यावरची मूठ उघडायची, मिटायची, पुन्हा उघडायची. गोकुळदासच्या कपाळावर घाम यायचा, मानेची शीर फुगायची. पंजा ढिम्म. शेजारच्या खोलीतल्या एका म्हाताऱ्या बाईची बोटं त्याच यंत्राने पंखासारखी उघडत होती, तिचे नातेवाईक टाळ्या वाजवत होते, आणि इकडे विनोदिनी भिंतीला पाठ लावून देवीला आठवण करून देत होती.

महिना सरत आला तेव्हा सिद्धीने खुर्ची ओढून गोकुळदाससमोर घेतली. पडद्यावरच्या दोन रेघा दाखवत ती म्हणाली, "काका, टोपयेक तुमची हाक ऐकाक येता. बरी मोठी येता. पण हातावरची चकती सांगता, ती हाक जाता मूठ आवळूच्या शिरांक. म्हणान पंजा थांबता. जोर करूक गेलो तर बोटां मोडतली." मग तिने अगदी हळू विचारलं, "तुमी उघडूचो विचार करतास, काय धरून ठेवूचो?"

"उघडूचो," तो म्हणाला. पण बोलताना त्याने खाली बघितलं.

"पुढच्या वेळेक डॉक्टर येतले. मग संच कोणाक दिवचो ता ठरतला."

घरी आल्यावर रोजच्यासारखं विनोदिनीने कोमट पाणी परातीत ओतलं आणि त्याचा हात त्यात बुडवला. कोमट पाण्यात मूठ थोडी मऊ पडायची, तेवढ्यात ती एकेक बोट उचलून तळवा धुवायची. तळव्यावर नखांच्या चार खोल खुणा होत्या आणि मधोमध पिटकुळीचा तांबडा डाग. खुणा आजच्या होत्या.

"इतकी कित्याक आवळतास?" ती कळवळून म्हणाली. "ता चेडू घसो सुकापर्यंत सांगता, उघडा, उघडा."

शब्द जमवायला गोकुळदासला वेळ लागत होता आणि नेमका आज तिला पुढचा शब्द सुचला नाही, म्हणून ती थांबली.

"तू... सांगतंस मा," तो म्हणाला. "पडाक देव नकात."

विनोदिनीचे हात पाण्यातच राहिले.

"मशिन म्हणता उघड. तू म्हणतंस पडाक देव नकात." त्याची जीभ अडखळत होती, तरी तो थांबला नाही. "मी कोणाचा ऐकू? जलमभर तुझाच ऐकलंय." आणि मग शाळेतून पहिला नंबर घेऊन आलेल्या पोरासारखं त्याने वर बघितलं. "एकय पडाक देऊक नाय. देवीचां फूल... थंयच्या लादयेर... लोकांच्या पायांबुडी?"

ती आधी हसली. हसता हसता तिचं कधी रडं झालं ते तिला कळलंच नाही. महिनाभर तिला वाटत होतं, याच्या अंगात रग उरली नाही, याच्या मनातून सगळंच उतरलंय. आणि हा गडी सगळी रग एकवटून तिचा शब्द पाळत बसला होता! टोपीने ऐकलं होतं, चकतीने सांगितलं होतं, सिद्धीने तोंडावर विचारलं होतं. याच्या डोक्यात काय चाललंय ते ओळखायला मी आहे म्हणणारी तीच तेवढी बहिरी ठरली होती.

"मगे सांगूचा नाय तां?" तिने पदराने नाक पुसत विचारलं. "सिद्धीक सांगूचा, माका सांगूचा."

"तू इतक्या भक्तीन ठेवतंस," तो म्हणाला. "कसा सांगतलंय?"

शेवटच्या दिवशी विनोदिनीने डबी घरीच देव्हाऱ्यात ठेवायचं ठरवलं. तर गोकुळदास उंबऱ्यावर अडून बसला. देवीने कौल दिला, महिनाभर सोबत केली, आणि परीक्षेच्या दिवशी तिला घरी ठेवायची? गरज सरो वैद्य मरो? त्याने डावा हात पुढे केला आणि डबी खिशात घालूनच तो बसमध्ये चढला. हटवादीपणात नवरा-बायकोत डावं-उजवं करता येण्यासारखं नव्हतं.

केंद्रात पोचल्या पोचल्या विनोदिनीने सिद्धीला बाजूला घेऊन सगळं सांगून टाकलं. सिद्धीने आधी तोंडावर हात दाबला, मग डोळे मोठे केले, मग म्हणाली, "काकी, आज तां फूल नको."

"तेंका सांग."

सिद्धीने सांगितलं. काकांनी मान हलवली, ती उभी नव्हे, आडवी. फूल मुठीत गेलंच. डॉक्टर मागे येऊन उभे राहिले. पडद्यावरची मूठ उघडली, मिटली, उघडली. गोकुळदासचा चेहरा लाल झाला. त्याला उघडायचं होतं, अगदी मनापासून उघडायचं होतं. पण खाली लादी होती. रेघा जिथे जायच्या तिथेच गेल्या. सिद्धीने डॉक्टरांकडे बघितलं आणि डॉक्टरांनी घड्याळाकडे.

विनोदिनी खुर्चीतून उठली. "बाय, माका तेंच्या फुडे बसाक दी," ती म्हणाली. "हात लावणा नाय. देवीशपथ."

सिद्धीने डॉक्टरांकडे बघून मान डोलावली. विनोदिनी लादीवर मांडी घालून नवऱ्याच्या पुढ्यात बसली. तीर्थ घेताना करतात तशी तिने ओंजळ केली आणि त्याच्या मुठीखाली धरली, मधे वीतभर अंतर ठेवून.

"आता पडला तर माझ्या हातात पडतला," ती म्हणाली. "जमिनीर जावचा नाय. मी आसंय. सोडा तुमी."

पडद्यावरची मूठ उघडली. काही झालं नाही. मिटली. विनोदिनीची बोटं शिवशिवत होती. एक बोट, फक्त एक बोट जरा उचललं तर? रोज परातीत उचलते तसं. तिने दात ओठांत रोवले आणि ओंजळ हलू दिली नाही. पडद्यावरची मूठ पुन्हा उघडली. गोकुळदास पडद्याकडे बघतच नव्हता. तो तिच्या ओंजळीकडे बघत होता.

पंज्यातून बारीक घरघर आली. एखादं जुनं दार ओल धरलेल्या चौकटीतून सुटावं तशी बोटं अडखळत, थांबत, पण एकामागून एक उघडली.

फूल मात्र पडलं नाही. घामाने ते तळव्याला चिकटून बसलं होतं, कौलाच्या वेळी देवीच्या अंगाला बसतं तसं. डॉक्टर दोन पावलं पुढे आले. सिद्धी शहरात शिकलेली, यंत्रं चालवणारी, तिनेही नकळत हात जोडले होते. बोटं मिटली. चित्र पुन्हा उघडलं, पंजा पुन्हा घरघरला, या वेळी आधीपेक्षा लवकर, आणि ती चुरगळलेली तांबडी पिटकुळी गोकुळदासच्या तळहातावरून सुटून विनोदिनीच्या ओंजळीत पडली.

"बरां झाला," गोकुळदास म्हणाला आणि मान मागे टाकून लहान मुलासारखा धापा टाकत हसला. त्यानंतर रिकामी मूठ त्याने किती वेळा उघडली हे सिद्धीच्या संगणकाला माहीत. विनोदिनी फूल केसांत खोवून भिंतीजवळच्या खुर्चीत जाऊन बसली.

संच घरी आला. सोप्यावरच्या मेजावर त्याला मानाची जागा मिळाली. सकाळी पाव विकणाऱ्या पोदेराची सायकल येऊन गेली की गोकुळदास टोपी घालून बसायचा. काही आठवड्यांनी पंजा काढल्यावरही बोटं थोडी थोडी ऐकायला लागली, तेव्हा त्याने पोदेराकडून मुद्दाम कांकणं घ्यायला सुरुवात केली, पावाची, चहात बुडवून खायची ती कडक गोल कडी. ती उजव्या हाताने उचलायची आणि डाव्या हाताच्या बोटांवर चढवायची. पडली तर फुटत नाहीत, फुटली तर चहात जातात. विनोदिनी समोर बसून बघायची आणि आपले हात आपल्याच मांडीखाली दाबून ठेवायची. गुंडी लावायला त्याला अर्धी सकाळ लागली तरी आता ती उठत नसे. निदान तसा प्रयत्न करायची.

हात पहिल्यासारखा झाला नाही, हे सांगून टाकलेलं बरं. सिद्धीनेही तशी आशा दाखवली नव्हती. बोटं उघडायची, मिटायची, हलकी वस्तू धरायची, पण मधेच विसरायची. बोटांच्या टोकांना अजून नीट कळायचंही नाही.

चवथ जवळ आली. गौरेशने एका सकाळी चहा पिता पिता विषय काढला. "बाबा, तो कव्हरवालो परत विचारी होतो. काय सांगू?"

विनोदिनीने हातातला कप खाली ठेवला. याने पुन्हा 'दी' म्हटलं तर?

गोकुळदासने कपातलं उरलेलं कांकण संपवलं, तोंड पुसलं आणि विचारलं, "किल्ली खंय आसा?"

शटर गौरेशने वर केलं आणि तो कामाला गेला. आत धूळ होती आणि पुठ्ठ्याच्या खोक्यांचा वास. विनोदिनी झाडू शोधायला लागली, तेवढ्यात गोकुळदास आपल्या जागेवर बसला. त्याने डाव्या हाताने समोरचं स्टूल पुसलं.

"बस," तो म्हणाला.

"मी? मी काय गिऱ्हाईक?"

"बस गे."

ती बसली. शिगम्यापासून तिच्या हातात जुन्या, झिजलेल्या दोनच बांगड्या होत्या. दुसऱ्या कासाराकडून ती कशी भरून घेणार? त्याने हिरव्या काचेचं खोकं उघडलं. पंजा घरी होता. डाव्या हाताने त्याने तिची बोटं एकत्र आवळून धरली आणि उजव्या हाताने बांगडी उचलली. ती त्याच्या बोटांतच तडकली.

"वाढली," तो म्हणाला. बांगडी फुटली असं त्याच्या दुकानात कुणी कधी म्हणत नाही. त्याने दुसरी घेतली. ती तिच्या अंगठ्याच्या मुळाशी वाढली आणि काचेचा कण मनगटात रुतला. रक्ताचा टिपूस आला, तो त्याला दिसायच्या आत विनोदिनीने पदराने टिपला. त्याच्या कपाळावर घाम जमला होता. तिसरी बांगडी तिच्या बोटांच्या पेरांपर्यंत आली आणि अडली.

विनोदिनीला ते बघवेना. तिने हळूच हात आकसला, अंगठा आत दुमडला आणि आपणच हात बांगडीत रेटायला लागली, त्याला कळणार नाही इतक्या बेताने. आणखी जरासं, आणि बांगडी चढली असती, आणि त्याला वाटलं असतं की त्याने चढवली.

गोकुळदास थांबला.

"तू ढकलतंस," तो म्हणाला.

"नाय हो."

"माका सांगतंस? माका?" त्याच्या डाव्या हाताच्या पकडीत तिची बोटं होती. तो हात आयुष्यभर हेच ओळखत आला होता. रागावला नव्हता तो. कधीपासून मनात ठेवलेली गोष्ट सांगावी तसं तो म्हणाला, "सगळ्या बाजाराच्या बायलो हात माझ्यार सोडून गजाली करतत. तू कधी सोडूकच नाय. पयल्या दिसापासून. घट्ट धरून बसतंस, मी पाडतलंय म्हणान."

तिने बघितलं तर खरंच तिचा हात लाकडासारखा ताठ झाला होता, खांद्यापासून. कधीपासून तो तसा होता कुणास ठाऊक.

"सोड," तो म्हणाला.

सोडायचं म्हणजे नेमकं काय करायचं हे तिला सुरुवातीला कळलंच नाही. खांदा उतरला तर कोपर ताठ राहायचं, कोपर सैल झालं तर बोटं आखडायची. एवढीशी गोष्ट, आणि गोकुळदासने ती लकव्याच्या हाताने करून दाखवली होती. शेवटी तिने बाहेरच्या रस्त्याकडे तोंड वळवलं आणि हात तिथेच, त्याच्या हातात, टाकून दिला.

त्याची बोटं बांगडीवर आली, घसरली, उघडली, पुन्हा आली. बांगडी अंगठ्याच्या हाडावर अडली. दुखलं. ती हलली नाही. बोटं पुन्हा उघडली, पुन्हा मिटली, आणि काच हाडावरून पलीकडे जाऊन थंडगार तिच्या मनगटावर येऊन बसली.

तिने वळून बघितलं. तिला वाटलं होतं तो तिच्याकडे बघत असेल. तो खोक्यातली पुढची बांगडी निवडत होता.

"बोल कायतरी," तो म्हणाला. "गिऱ्हाईक गप रवला की माझो हात चलणा नाय."

इतके महिने त्याच्या वाटचंही बोललेल्या विनोदिनीच्या तोंडून शब्द फुटेना. सैल सोडलेला हात मागे न घेता तिने दुसऱ्या हाताने पदर डोळ्यांना लावला. तेव्हा गोकुळदासच बोलायला लागला, जड जिभेने, मधे मधे शब्द शोधत. गौरेशाक सांग, त्या कव्हरवाल्याक दुसरा दुकान बघ म्हणान. हंय आता चवथीची गर्दी होतली. बायलो येतल्यो, तेंका बसाक आनी एक स्टूल होया. आणि बोलता बोलता त्याने पुढची बांगडी उचलली.